स्कूबा शिकताना मनात पाल चुकचुकली तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीच्या ऑफिसातले तुम्ही सहा जण मिळून स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स करताय. पोहण्याच्या तलावातले वर्ग ठाण्यात, समुद्रातल्या डाइव्ह दोन आठवड्यांनी मालवणला. तलावाच्या खोल टोकाला उतरताना तुझा डावा कान दुखायला लागला. तू कानाकडे बोट दाखवलंस, तर इन्स्ट्रक्टरनं नाक दाबून जोरात फुंकायची खूण केली. तू अंगठा वर करून, म्हणजे ‘वर जायचं’ अशी खूण करून, वर आलीस. "जोरात फुंक, उघडेल. एवढ्यात घाबरलीस तर समुद्रात काय करशील?" असं ते म्हणाले आणि बाकीचे हसले. त्यात मेडिकल फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा असं सांगितलं होतं. लहानपणी दमा असूनही तू तसंच लिहिलंस. पैसे भरून झालेत, कोकणकन्येची तिकिटं काढलेली आहेत. आणि आता झोप लागत नाही. ही भीती खरी की उगाचची, असं विचारते आहेस.

मला ताई म्हणालीस म्हणून सरळ तू म्हणते. मी पाचपाखाडीत राहते, सोळा वर्षं डाइव्ह करते आणि त्यातली दहा वर्षं शिकवते आहे.

आधी कानाचं, कारण ते घाईचं आहे. त्या दिवशी तू वर आलीस ते बरोबर केलंस आणि तुला सांगितलं गेलं ते चूक होतं. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. पण कानाच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड असतात ते पहिले तीन-चार मीटर, कारण दाबातला फरक त्या थरात सर्वांत झपाट्यानं जाणवतो. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडून तिथे नवी हवा पोचवायची, यालाच आम्ही इक्वलाइज करणं म्हणतो. ते दुखायच्या आधी करायचं असतं. पाण्यात डोकं जाताच एकदा, मग दर हातभर खोलीला एकदा, आणि हलक्या हातानं. एकदा दुखायला लागलं की ती नळी दाबानं मिटलेली असते. मग जितकं जोरात फुंकशील तितकी ती उघडायची शक्यता कमी, आणि पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा व्हायची शक्यता जास्त. अशा वेळी अर्धा-एक मीटर वर यायचं, थोडं थांबायचं, जबडा हलवायचा, गिळायचं, हळूच फुंकायचं आणि उघडलं तरच पुढे. नाहीच उघडलं तर त्या दिवशीची डाइव्ह संपली. वीस वर्षं डाइव्ह करणारेसुद्धा सर्दी असेल त्या दिवशी बोटीवर बसून राहतात.

तलावात पडदा फाटला तर दुखेल, उपचार होतील. समुद्रात फाटला तर गार पाणी आत शिरतं आणि काही क्षण वर कुठे, खाली कुठे हेच कळत नाही. म्हणून ही गोष्ट सहज घेण्यासारखी नाही.

तू लिहिलंस की दोन दिवस कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं. मग मालवणआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखव. "स्कूबा करायचंय" हे शब्द वापरून दाखव, नुसतं "कान जड झालाय" म्हणून नको. सर्दीची गोळी घेऊन उतरायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नकोस. पाण्याखाली असताना गोळीचा अंमल उतरला तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते, आणि खाली थांबून राहणं तर शक्य नसतं.

एक ठाण्यातली गंमत सांगते. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे तलाव चार-साडेचार फुटांचे. तिथे शिकलेल्या मुलांना कान हा विषयच कळलेला नसतो. कोर्स ‘पूर्ण’ होतो, आणि कान पहिल्यांदा दुखतो तो थेट मालवणच्या गढूळ पाण्यात, लाटेवर हलणाऱ्या दोराला धरून. तुझा तलाव खोल होता, म्हणून तुला ठाण्यातच कळलं. हे नशीब समज.

आता फॉर्म. या बाबतीत मी जरा कडक आहे. तो कागद आपल्यासाठी असतो, इन्स्ट्रक्टरची फाइल भरायला नव्हे. दमा का विचारतात? आपण खोल पाण्यात जी हवा श्वासात घेतो ती दाबलेली असते. वर येताना ती फुगते. दहा मीटरवर छातीभर घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होतो. तो तोंडावाटे मोकळा सुटला तर काहीच होत नाही. पण दम्यात श्वासनलिका आकुंचन पावून फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कोंडली, तर ती तिथेच फुगते आणि फुप्फुस फाडू शकते. लहानपणी दमा होता म्हणून तुला कायमची बंदी, असं मुळीच नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुंकायची चाचणी होईल. पुष्कळांना परवानगी मिळते. पण ती डॉक्टरांनी द्यायची असते. शुक्रवारी संध्याकाळी बॅचचे फॉर्म गोळा करणाऱ्यानं नाही. नवीन फॉर्म माग, खरं लिही. "आता कशाला" म्हणाले, तर तेही एक उत्तरच समज.

भीतीचं आता. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्हींना आपण एकच नाव देतो. एक म्हणजे मनात पाल चुकचुकणं. काहीतरी खटकलंय, काय ते नेमकं सांगता येत नाही. दुसरी म्हणजे उबळ. पाण्याखाली नाकात पाणी गेलं की श्वास कोंडून सुसाट वर जावंसं वाटतं, तोंडातला, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर काढून फेकावासा वाटतो. पाल चुकचुकली तर ऐकायचं. उबळ आली तर तिचं ऐकायचं नाही. स्कूबाचं सगळं शिक्षण खरं तर याचंच आहे, पण पुस्तकात ते असं लिहिलेलं नसतं.

पालीची माझी गोष्ट. माझ्या तेव्हा जेमतेम पंचवीस डाइव्ह झाल्या होत्या. मालवण नव्हे, दुसरीच जागा, नाव सांगत नाही. बोटीवरच्या पोरानं टाकी, बीसीडी (हवा भरायचं जाकीट), रेग्युलेटर सगळं जोडून पाठीवर चढवलं. मी सवयीनं दोन श्वास घेतले, तर टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दोनशे बारवरून झटकन खाली आला आणि परत वर गेला. मला दिसलं. खटकलंही. पण सगळे फिन्स घालून काठावर बसलेले, बोट डोलतेय, एकाला मळमळतंय आणि गाइड आकडे मोजतोय. आपल्या एकटीमुळे सगळे खोळंबतील म्हणून मी गप्प बसले. चौदा मीटरवर श्वास ओढायला जड व्हायला लागला. चेपलेल्या स्ट्रॉमधून उसाचा रस ओढावा तसा. चार-पाच श्वासांत छाती भरेनाशी झाली. माझा बडी, म्हणजे जोडीदार डाइव्हर, हाताच्या अंतरावर होता एवढंच माझं भाग्य. गळ्यावरून आडवा हात फिरवून मी ‘हवा नाही’ अशी खूण केली, त्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर, तोंडात घेतला, दोघं एकमेकांचे पट्टे धरून सावकाश वर आलो.

बोटीवर पाहिलं तर टाकीचा व्हॉल्व्ह जेमतेम अर्धा फेरा उघडलेला. वर असताना तेवढ्या फटीतून पुरेशी हवा येते. चौदा मीटरवर दाब जवळजवळ अडीचपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा लागते. फट तेवढीच. काट्यानं मला हे पाण्यात उतरायच्या आधीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून गेजकडे बघत चार मोठे श्वास घेतल्याशिवाय मी उतरत नाही, मग मागे अख्खी बोट ओरडत का असेना. तूही घे. काटा हलला तर उतरायचं नाही. त्याच वेळी हवेला वास येतो का बघ. चांगल्या हवेला काहीच वास किंवा चव नसते. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर टाकी बदलून माग. कॉम्प्रेसरनं इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, म्हणून धुराचा जरासा वाससुद्धा पुरेसा इशारा आहे.

उबळीची गोष्ट दुसऱ्याची. ठाण्यातलाच मुलगा, स्पर्धा गाजवलेला जलतरणपटू. तीन मीटरवर गुडघे टेकून मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं, एवढंच करायचं होतं. पाणी नाकात गेलं आणि तो श्वास कोंडून बाणासारखा वर सुटला. मी त्याचा पाय धरला, दुसऱ्या हातानं पोटावर दाबलं तेव्हा बुडबुडे सुटले. त्याला कळलंच नाही की आपण काही चूक केली. आयुष्यभर पोहताना श्वास कोंडूनच तर शिकलाय! फुप्फुसांना इजा व्हायला खोल समुद्र लागत नाही. छातीभर श्वास कोंडून वर आलं तर अगदी मीटर-सव्वामीटर पाण्यातही ती झालेली आहे. म्हणून स्कूबातला पहिला नियम श्वास कधीही न कोंडण्याचा. उत्तम पोहणाऱ्यांना तो सगळ्यात उशिरा अंगवळणी पडतो. तुमच्या ग्रुपमध्ये "मी तर मासाच आहे" म्हणणारा कुणी असेल तर त्याच्यावर जास्त लक्ष ठेव.

मग पाण्याखाली नको वाटलं तर? अंगठा वर. ही खूण म्हणजे विनंती नाही. ती कुणीही, कधीही, कारण न देता करू शकतं, आणि समोरच्यानं तीच खूण परत करून सोबत वर यायचं असतं. वाद घालायचा असेल तर तो बोटीवर. मात्र वर यायचं ते श्वास सोडत, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा सावकाश. आपल्या सगळ्यात लहान बुडबुड्यांना मागे टाकायचं नाही, हा सोपा अंदाज. तू तलावात हेच केलंस. उबळ आली नाही, खूण केलीस, सोबत वर आलीस. तुझ्या इन्स्ट्रक्टरनं हे पाहून शाबासकी द्यायला हवी होती.

आणि धाप लागली, रेग्युलेटर हवा देत नाही असं वाटलं, तर बहुतेक वेळा रेग्युलेटर ठीक असतो. घाईघाईच्या वरवरच्या श्वासानं आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवा पुरत नाहीसं वाटतं. हालचाल थांबव. दोर, खडक, बडीचा हात, काहीतरी धर. मग एक लांब उच्छ्वास. आत घ्यायची काळजी करू नकोस, बाहेर सोडायची कर. ठसका लागला तर रेग्युलेटरमधूनच खोक. उलटी झाली तरी त्यातूनच होते, ऐकायला घाण वाटतं पण खरं आहे. तोंडातून काढायचा नाही.

जावं की नाही हे मी इथून ठरवू शकत नाही. पण इन्स्ट्रक्टरला फोन करून काही गोष्टी विचार, आणि काय उत्तर येतं यापेक्षा कसं येतं ते ऐक. समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे आम्ही किती जण? पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमात ही वरची मर्यादा आठ आहे, पण ती स्वच्छ, शांत पाण्यातली. मालवणला काही दिवस बडीच्या फिन्ससुद्धा धूसर दिसतात. तिथे नवशिक्यांसाठी मी चारच्या वर जात नाही. बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो द्यायला शिकलेलं कुणी आम्ही खाली असताना वर थांबणार आहे का? माझा बडी कोण? मी अंगठा दाखवला तर माझ्याबरोबर वर कोण येणार आणि उरलेल्यांपाशी कोण राहणार? या शेवटच्या प्रश्नावर चांगला इन्स्ट्रक्टर लगेच उत्तर देतो, कारण त्यानं तो विचार आधीच केलेला असतो. "अगं, तशी वेळच येणार नाही" हे उत्तर नाही. इन्स्ट्रक्टरचं सभासदत्व चालू आहे की नाही हे नंबर घेऊन त्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतं. यात कुणाचा अपमान होत नाही. रिक्षात बसताना मीटर बघतोच ना आपण.

तलावातल्या वागण्याबद्दलही बोल. "कान दुखत असताना जोरात फुंकायला सांगितलंत, मला ते पटलं नाही" एवढंच. माणूस वाईट असेलच असं नाही. सहा जणांची बॅच, तलावाची तासाभराची वेळ, त्यात एक जण अडला की सगळ्यांचा घोळ होतो. मीही सुरुवातीला असं बोलले आहे कुणालातरी, आता लाज वाटते. ऐकून घेऊन तुझ्या एकटीसाठी खोल पाण्यात आणखी एक वर्ग द्यायला तयार झाला, तर माझ्या मते जायला हरकत नाही. पुन्हा हसण्यावारी नेलं, तर दुसरा शोध. तलावातलं झालेलं शिक्षण वाया जात नाही. त्याचा लेखी दाखला घेऊन समुद्रातल्या चार डाइव्ह दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे करता येतात. ही सोय फार जणांना माहीत नसते, आणि सांगायची कुणाला घाईही नसते.

पैशांचं खरं ओझं मला कळतं. माझ्या अनुभवात लोक न आवडलेली डाइव्ह करतात ती भीती नसते म्हणून नाही. पैसे परत मिळत नाहीत, रजा टाकलीय आणि ग्रुपचा फोटो राहील म्हणून करतात. म्हणून आत्ताच ठरवून टाक: मालवणला गेलीस आणि त्या सकाळी उतरावंसं वाटलं नाही, तर बोटीवर बसायचं, सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, दुपारी बांगडा खायचा. हे आधी ठरलेलं असलं की काठावर बसून ठरवावं लागत नाही. काठावर नीट विचार होत नाही, हे मी गेजच्या काट्यावरून शिकले. मालवणच्या जुन्या होडीवाल्यांना हे उपजत कळतं. एकदा आम्ही नऊ जण तयार होऊन उभे होतो, आकाश निरभ्र, आणि आमचा तांडेल म्हणाला, "आज पाण्याचा काय खरा नाय, ताई." का, ते त्यालाही धड सांगता येईना. आम्ही परत फिरलो. दुपारी समुद्र तसाच शांत होता. ग्रुपमधले दोघं अजून मला त्यावरून चिडवतात, आणि मी अजून त्याच तांडेलाची होडी घेते.

कोकणकन्येबद्दल एक. रात्रभर गाडीत जागून सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून तासाभरात मालवण आणि लगेच टाकी पाठीवर, असं वेळापत्रक असेल तर बदलून घ्या. पहिला दिवस झोपेला आणि फार तर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याला द्या. आदल्या रात्री दारू नको. पाणी मात्र भरपूर प्या.

परत येताना तुमच्यातला कुणी गाडीनं कोल्हापूरमार्गे यायचं म्हणत असेल, तर शेवटच्या डाइव्हनंतर लगेच घाट चढू नका. दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो, तो सावकाश निघून जाऊ द्यावा लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी, तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. हाल्डेन या शास्त्रज्ञानं १९०८ साली शेळ्यांवर प्रयोग करून, सुरक्षित वर कसं यायचं याच्या पहिल्या सारण्या मांडल्या होत्या. विमानासाठीचा नियम सगळे पाठ करतात: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठ किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. घाटाचं कुणी बोलत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे, कोल्हापूर स्वतःच साडेपाचशेच्या आसपास, आणि अमेरिकी नौदलाची सारणी हजार फुटांपासूनच थांबायला सांगते. शिकाऊ डाइव्ह उथळ असतात, धोका कमी. तरी रात्र मालवणला काढा, सकाळी निघा. रेल्वेनं आलात तर कोकणातूनच येता, हा प्रश्न फारसा येत नाही.

परतल्यावर सांधे दुखले, अंगावर चट्टे उठले, मुंग्या आल्या किंवा न जाणारा थकवा आला, तर "प्रवासानं झालं असेल" म्हणून झोपून जाऊ नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात डाइव्हिंग केल्याचं सांगा. अशा रुग्णाला दाबाच्या चेंबरमध्ये ठेवून उपचार करतात. आपल्या बाजूला कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय या विषयातलं जाणतं ठिकाण आहे. मालवणहून ते रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणून तिथे उतरायच्या आधीच इन्स्ट्रक्टरला विचारून ठेव की असं काही झालं तर त्यांची योजना काय.

कानाच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा, दोन आठवडे बघता बघता सरतात. ते काय म्हणाले आणि नव्या फॉर्मवर तुमचे सर काय म्हणाले, दोन्ही कळव.